आधी पत्रा दाखवा, मग रंगाचं बोला!

मैत्रिणींनो, मथळा वाचून तुम्ही म्हणाल, "अगबाई, या सदराला आज झालंय तरी काय? लोणच्याच्या बरण्या आणि पडद्यांची शिवण सोडून आज गॅरेजात कशाला?" पण जरा थांबा. घरात येणारी गाडी ही काही फक्त पुरुषांची बाब नसते. तिच्यात आपली मुलं बसणार, सासूबाई बसणार, आणि बहुतेक वेळा तिच्या दुरुस्तीचे पैसे आपल्याच डब्यातून निघणार. मग तिच्या पत्र्यात काय दडलंय हे आपण का पाहू नये?

निमित्त आहे कोकणातल्या एका वाचक-भगिनीच्या पत्राचं. त्यांच्या यजमानांनी हौसेनं एक जुनी मॅटाडोर विकत घेतली आहे. आत दोन लांब बाकं, रात्री त्यांचेच बिछाने, एका कोपऱ्यात शेगडी, पाण्याची छोटी टाकी. सुट्टीत सगळ्यांनी मिळून हिंडायला चाकांवरचं घर करायचा बेत आहे. गाडी चालते छान, पण अंगभर गंज आहे. गॅरेजवाला म्हणतो, "वहिनी, काही काळजी करू नका. घासतो, पुट्टी भरतो, रंग मारतो. आठ दिवसांत नवरीसारखी सजवून देतो." आता प्रश्न असा की, भिशीचे साठवलेले पैसे ताईंकडे आहेत आणि ते या कामाला द्यावेत का?

माझं उत्तर आहे, ताई, द्या. पण रंगाला नाही. आधी पत्र्याला द्या. आणि पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी उघडा पाहिल्याशिवाय रंगाचा एक पैसाही देऊ नका. असं का, ते आज सविस्तर सांगते. तुमच्याकडे मॅटाडोर नसेल, जुनी मारुती व्हॅन असेल, नाहीतर घरात गंजकं पोलादी कपाट असेल, तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

ही हौस आली कुठून?

चाकांवरच्या घराची कल्पना तशी जुनी. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीची डबा-गाडी १९५० साली निघाली आणि लगेच पुढच्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या कारखान्यानं तिच्यात बिछाने-कपाटं बसवायला सुरुवात केली. तिकडे आजही अशा जुन्या गाड्या लोक जिवापाड जपतात आणि त्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू गंजच असतो. आपली मॅटाडोरही मुळात जर्मनीचीच. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची ही गाडी आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं आपल्याकडे बनवली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची मुलं, दुधाचे कॅन, माशांच्या टोपल्या, सगळं या गाडीनं वाहिलं. आता नवी मॅटाडोर मिळत नाही. म्हणजे जी मिळेल ती कितीतरी पावसाळे पाहिलेली असणार, हे धरूनच चालावं. आणि किनाऱ्यावर मासे वाहिलेली असेल, तर मग विचारूच नका! खाऱ्या पाण्यानं तिचा तळ पुरता मुरलेला असतो.

गंज हा रोग आहे, डाग नव्हे

बिडाचा तवा धुऊन ओला ठेवला की सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज होणारच. त्यात मीठ मिळालं की तो झपाट्यानं वाढतो. तव्याला आपण तेलाचा हात लावतो तो याचसाठी, की पाणी लोखंडाला शिवू नये. गाडीचा रंग हेच काम करतो. पण रंगाला एक जरी चीर गेली, तरी पाणी आत शिरतं आणि रंगाखाली पसरत जातं.

यातली खरी गंमत, किंवा संकट म्हणा, अशी की गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो खालून रंगाला वर ढकलतो आणि पापडासारखे फोड येतात. आपल्याला दिसतो तो रुपयाएवढा फोड, पण खाली तळहाताएवढा पत्रा खाल्लेला असतो. दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेले असतात, तिथे तर गंज त्यांना पाचर मारल्यासारखा फाकवतो.

पुट्टीनं हा रोग बरा होत नाही. वाळवी लागलेल्या दाराला वरून वार्निश लावल्यासारखंच ते आहे. गाडीची पुट्टी ही पत्र्याचा बारीक पोचा, खळगा भरून सपाट करण्यासाठी असते. तिचा थर अगदी पातळ असावा, फार तर दोन-तीन मिलिमीटर. भोकावर जाळी किंवा कागद लावून वरून पुट्टी थापली, की ती पाठीमागून ओल शोषून घेते. एक-दोन पावसाळ्यांत रंग पुन्हा फुगतो. तोवर गॅरेजवाल्याचे पैसे वसूल झालेले असतात आणि आपले पाण्यात गेलेले असतात.

पाहणीसाठी चार घरगुती हत्यारं

यासाठी कुणी तज्ज्ञ नको. एक चुंबक, एक बोथट पेचकस, एक टॉर्च आणि आपल्या बोटाची पेरं एवढं पुरे.

चुंबक फ्रीजवर लावायचा असतो तो चालेल. पातळ सुती कापडात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा पडणार नाही. दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून तो हळूहळू फिरवा. लोखंडी पत्र्यावर तो चिकटतो. जिथे एकाएकी सैल पडतो किंवा गळून पडतो, तिथे खाली जाड पुट्टी आहे असं समजावं.

पेरांनी वाजवून पाहणं तर आपल्याला सांगायलाच नको. बाजारात माठ घेताना आपण काय करतो? टणटण वाजला तर घेतो, भदभद वाजला तर ठेवून देतो. पत्र्याचंही तसंच. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेला, पुट्टी भरलेला पत्रा मुका वाजतो.

पेचकस फक्त खालच्या बाजूला वापरायचा. गाडीच्या तळाशी, पायरीखाली, दाराखालच्या पोकळ पट्टीत थोडा जोर देऊन टोचावा. चांगल्या पत्र्याला काही होत नाही. कुजका पत्रा बिस्किटासारखा कुरकुरतो आणि पेचकस आत जातो. गाडी विकणारा कुरकुरला तरी कुरकुरू दे!

टॉर्चचं काम अंधार पडल्यावर. एकजण गाडीखाली टॉर्च धरून बसला आणि आपण आत बसून रबरी चटई उचलली, की जमिनीतून चांदण्या दिसतात का ते पाहायचं. मात्र जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली शिरायचंच तर भक्कम घोडे लावूनच.

कुठे कुठे पाहाल?

पाणी जिथे साचतं तिथे गंज, हा एकच नियम ध्यानात ठेवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की दार म्हणजे पाण्याचं पिंपच. चढायची पायरी आणि तिच्यामागची पोकळी. चाकांच्या कमानींच्या आतली बाजू, जिथे चिखल थापला जातो. पुढच्या काचेच्या रबराखाली, कारण रबर कडक झालं की पाणी आत मुरतं. छपराच्या कडेची पन्हळ. बॅटरीची बैठक, कारण बॅटरीतलं आम्ल पत्रा खातं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पायाखालची जमीन. रबरी चटईखाली जाड गोणपाट किंवा नमदा असतो. तो एकदा भिजला की महिनोन् महिने ओला राहतो.

जिथे जिथे गंज सापडेल तिथे खडूनं गोल करा आणि मोबाईलवर फोटो काढा. हेच फोटो पुढे गॅरेजवाल्याशी बोलताना उपयोगी पडतील.

तीन प्रकार, तीन उपाय

वरवरचा गंज: नुसता तांबूस थर, पत्रा हाताला टणक. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करायचं, पुसून कोरडं करायचं आणि त्याच दिवशी प्रायमर लावायचा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर दमट हवेत सकाळी पुन्हा तांबूस होतो.

खड्ड्यांचा गंज: पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात, पण आरपार भोक नसतं. इथे घासूनही खड्ड्याच्या तळाशी गंज उरतोच. त्यावर गंज बदलणारं द्रावण मिळतं. काहींत फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिन. हे लावलं की तांबूस गंज काळा पडून घट्ट बसतो. टॅनिनचा हा गुण तुमच्या पाहण्यातला आहे. हिरडा किंवा चहाचं पाणी लोखंडाला लागलं की काळं पडतं ना, तेच. हे द्रावण लावताना रबरी हातमोजे हवेत. सुटा गंज खरवडून काढल्याशिवाय ते लावून काही उपयोग नाही.

आरपार गंज: पेचकस आत गेला, किंवा पत्रा चुरगळला, की घासणं, द्रावण, पुट्टी सगळं संपलं. तो भाग कापून टाकायचा आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. दुसरा मार्ग नाही.

पत्र्याचं ठिगळ: शिवणकाम येतं त्या सगळ्यांसाठी

वेल्डिंग म्हटलं की आपण घाबरतो. पण हे शिवणकामच आहे. समजून घ्या म्हणजे मिस्त्रीशी बोलताना अडखळायला होणार नाही.

विरलेल्या साडीला ठिगळ लावताना आपण विरलेल्या कापडावरच टाका घेतो का? घेतला तर पहिल्याच धुण्यात फाटतो. आधी विरलेला भाग कापून चांगल्या कापडापर्यंत जायचं, मग ठिगळ. पत्र्याचंही तंतोतंत तसंच. गंजाच्या भोवतीनं चांगला, जाड, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायला हवं. मिस्त्री जर भोकावर नुसता नवा तुकडा डकवायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवा. आतला गंज तसाच राहून नव्या पत्र्यालाही खातो. शिवाय कुजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही, भोक मोठं होत जातं.

नवा पत्रा जुन्याच्याच जाडीचा असावा. वरच्या अंगाला बहुधा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा, आणि जमिनीला १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा वापरतात. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे लक्षात असू द्या. २२ गेजचा पत्रा स्वस्त पडतो, पण जमिनीला तो चालणार नाही. आधी जाड कागदावर ठिगळाचा नमुना कापून घ्यावा, ब्लाऊजचा कागद कापतो तसा. कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते.

शिवण दोन प्रकारची. एक, काठाला काठ भिडवून. दुसरी, एकावर एक चढवून. बाहेरच्या, दिसणाऱ्या भागाला काठाला काठ चांगला. एकावर एक चढवलेल्या जोडात फट राहते आणि तिथेच पाणी धरतं. जमिनीला चढवून जोड घेतला तरी चालतो, पण मग ती फट दोन्ही बाजूंनी सीलरनं बुजवलीच पाहिजे.

आता टाके. एकदम लांबलचक वेल्डिंगची रेघ ओढली तर पातळ पत्रा तापून चुण्या पडल्यासारखा वाकडातिकडा होतो. म्हणून आधी इंच-दीड इंचावर एकेक ठिपका द्यायचा, आपला कच्चा टाकाच म्हणा ना. एक ठिपका इकडे, पुढचा समोरच्या बाजूला. मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. मग हळूहळू मधली जागा भरत जायची. घाई करणाऱ्याच्या हातून हे काम होत नाही. म्हणून "आठ दिवसांत देतो" म्हणणाऱ्यापेक्षा "महिना लागेल" म्हणणारा मिस्त्री मला जास्त विश्वासाचा वाटतो.

वेल्डिंग कोणतं, हेही विचारा. खिडकीच्या ग्रिलला वापरतात ते साधं आर्क वेल्डिंग पातळ पत्र्याला भोकं पाडतं. जुने मिस्त्री गॅस वेल्डिंग करतात. हात कसलेला असेल तर ते उत्तम होतं, पण त्यात उष्णता फार पसरते. आज पातळ पत्र्यासाठी सगळ्यांत सोयीचं म्हणजे वायरवालं वेल्डिंग, ज्याला गॅरेजात मिग किंवा सीओटू म्हणतात. ते आहे अशाच ठिकाणी गाडी द्यावी.

आणि जस्ताचा पांढरा मुलामा असलेला जी.आय. पत्रा वेल्ड करायचा तर जोडाच्या कडेचा मुलामा आधी घासून काढावा लागतो. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्यावरच करायला सांगा.

आगीपासून सावध

काम गॅरेजात असो की तुमच्या अंगणात, इथे मात्र भीड ठेवू नका. वेल्डिंगआधी आतली बाकं, गाद्या, रेक्झिन, फोम, चटया, सगळं बाहेर. बॅटरीच्या तारा काढलेल्या हव्यात. इंधनाची टाकी जवळ असेल तर ती उतरवून दूर ठेवायची. रिकामी टाकी सुरक्षित असते ही समजूत चुकीची आहे. तिच्यात कोंडलेली वाफच भडका घेते. टाकीलाच वेल्डिंग करायचं असेल तर ते या कामात मुरलेल्या माणसाकडेच. स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीत बसवला असेल तर तो आणि त्याची नळी आधी बाहेर काढा.

जवळ पाण्याच्या बादल्या, वाळू आणि अग्निशामक नळकांडं असावं. काम संपल्यावर लगेच कुलूप लावून जायचं नाही. पत्र्याच्या पाठीमागे राहिलेलं फोमचं एखादं चिरडं धुमसत राहतं आणि तासाभरानं पेट घेतं. म्हणून शेवटच्या टाक्यानंतर निदान तासभर कुणीतरी थांबून पुन्हा पुन्हा हात लावून, वास घेऊन पाहायचं.

मुलांना त्या निळ्या-पांढऱ्या झोताकडे पाहू देऊ नका. क्षणभर पाहिल्यानं काही वाटत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन मूल रडत उठतं. आपणही नायलॉनची किंवा सिंथेटिक साडी नेसून ठिणग्यांजवळ उभं राहू नये. आणि जुना रंग घासताना उडणारी धूळ घरात येऊ देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. ओला करून घासायला सांगा. घरात लहान मूल किंवा गरोदर सूनबाई असेल तर हे काम अंगणात नकोच.

रंगाआधी आणि रंगानंतर

वेल्डिंग झालं, ग्राइंडरनं सपाट झालं, की तुम्ही स्वतः जाऊन पाहायची वेळ ती हीच. प्रायमर लावण्यापूर्वी. उघडा, राखाडी, चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. कुठे तांबूस दिसलं तर बोट ठेवून विचारा. फोटो काढा.

मग प्रायमर. लाल रेड ऑक्साइड आपण सगळ्या जणी ओळखतो. ग्रिलला तोच लावतो. पण तो पाणी पुरतं अडवत नाही. नुसता रेड ऑक्साइड लावून गाडी महिनाभर पावसात ठेवली तर खालून गंज येतोच. एपॉक्सी प्रायमर महाग पडतो, पण या कामाला तोच बरा. त्यानंतर सगळ्या जोडांत सीलर, मग हवी तिथे पातळ पुट्टी आणि मग रंग.

रंग झाला म्हणजे काम संपलं असं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्र्याच्या पाठीमागचा रंगही जळलेला असतो, आणि ती बाजू आपल्याला दिसत नाही. दाराच्या आत, पायरीच्या पोकळीत भोकातून नळी घालून मेणाचा फवारा मारतात. तो मारून घ्या. त्यासाठी वापरलेलं इंजिन ऑइल ओतायची जुनी पद्धत सोडून द्या. ते अंगणभर ठिबकतं आणि कातडीलाही वाईट. गाडीच्या खाली काळं रबरी कोटिंग करतात, तेही साफ केलेल्या पत्र्यावरच. गंजावर केलं तर ओल आत कोंडून राहते.

आणि आतलं घर सजवण्याची घाई करू नका. लाकडी फळ्या, लिनोलियम बसवण्याआधी पाण्याच्या नळीनं छपरावर, काचांवर भरपूर पाणी मारा आणि आत टॉर्च घेऊन बसा. कुठून थेंब येतो ते कळेल. बाकांसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमरचा हात हवा, आणि ड्रिलचा लोखंडी कीस झाडून काढायला हवा, नाहीतर प्रत्येक कणाचा एक डाग होतो. आत झोपलो, चहा केला, की श्वासाची आणि चहाची वाफ थंड पत्र्यावर धरते आणि फळीमागे पाणी उतरतं. म्हणून जमिनीच्या फळ्या स्क्रूनं काढता येतील अशाच ठेवा, आणि वारा खेळायला जागा ठेवा. सिलिंडर ठेवणार असाल तर त्याच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो.

कागदपत्रं विसरू नका

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्या वेळी आर.टी.ओ.त गाडी तपासतात. म्हणून गाडी घेण्याआधीच तिचं नोंदणीपुस्तक पाहा. चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो, त्या तुकड्याला मिस्त्रीनं कटर, ग्राइंडर किंवा पुट्टी लावता कामा नये. तो नंबर पुसला तर गाडी नवीकोरी दिसूनही कागदावर बेवारस होते. कामाआधी त्या जागेवर कागद चिकटवून खूण करा.

दुसरं असं की, प्रवासी किंवा मालवाहू गाडीचं चाकांवरचं घर करणं हा गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याला आधी परवानगी लागते आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंदही व्हावी लागते. बाकं बनवून झाल्यावर नव्हे, आधीच आर.टी.ओ.त चौकशी करावी. विम्याचा प्रश्न आला की हीच नोंद उपयोगी पडते.

पैशांची बोलणी

"सगळं मिळून इतके" असा आकडा मान्य करू नका. कापणं-वेल्डिंग, प्रायमर-पुट्टी आणि रंग, असे तीन वेगळे आकडे कागदावर लिहून घ्या. ठिगळं किती, पत्रा किती गेजचा, प्रायमर कोणता, हेही त्यात असावं. पैसेही तीन हप्त्यांत द्यावेत. पहिला कामाच्या सुरुवातीला, दुसरा उघडा पत्रा पाहून, तिसरा गाडी पाण्याच्या परीक्षेत उतरल्यावर. रंग खरवडला की आत जास्तच गंज निघतो, हे प्रामाणिक मिस्त्रीही आधी सांगू शकत नाही. म्हणून हाताशी थोडी जास्तीची रक्कम ठेवूनच काम काढा. पैसे कमी पडले तर रंग पुढच्या वर्षी करा. प्रायमरवर साधा एक हात मारलेली, पण खालून भक्कम असलेली गाडी खुशाल वापरावी. वरून झगझगीत आणि खालून पोकळ गाडी मात्र नको.

दिवाळीनंतर काम सुरू करावं आणि उन्हाळ्यात संपवावं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघडा पत्रा आणि ओला रंग दोन्ही बिघडतात.

आणि "नको" म्हणायची वेळ

आता एक कडू गोष्ट. दार, मडगार्ड, जमिनीचा तुकडा गंजला तर दुरुस्त होतो. पण गाडीचं सगळं वजन ज्या खालच्या मुख्य दांड्यांवर असतं, चाकांचे पाटे जिथे बसतात, पट्टे आणि आसनं जिथे आवळलेली असतात, तिथला पत्रा कुजला असेल, तर ते नाक्यावरच्या गॅरेजचं काम नव्हे. ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. आणि खर्च गाडीच्या किमतीबाहेर जात असेल, तर ती गाडी भंगारात देणंच शहाणपणाचं. यजमानांची हौस मोडेल, दोन दिवस घरात अबोला राहील. राहू द्या. घाटात वळणावर जमीन खचण्यापेक्षा अबोला परवडला. मात्र "मला नाही वाटत" असं मोघम बोलू नका. हात धरून गाडीखाली न्या, पेचकस त्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच टोचू द्या. पेचकस आत गेला की पुढचं बोलायची गरज उरत नाही.

आणि पेचकस नाही गेला, पत्रा खणखणला, तर खुशाल भिशी मोडा. हौसेलाही मोल असतंच ना!

लक्षात ठेवा

• फोड लहान, गंज मोठा. दिसतो त्याहून पुढे कापा.

• भोकाला पुट्टी नाही, पत्रा.

• दारांखालची भोकं दर महिन्याला झाडूच्या काडीनं मोकळी करा.

• समुद्रकिनाऱ्याहून आलं की त्याच संध्याकाळी गाडीचा तळ गोड्या पाण्यानं धुवा.

• गाडी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत घाम धरतो. वर छप्पर असावं, बाजूनं वारा.

• पावसाळा संपला की चटया काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. गादी-उशांबरोबर गाडीही वाळू द्या.

• घरच्या कपाटालाही हेच लागू. पाय ओल्या फरशीवर टेकू देऊ नका, खाली लाकडी ठोकळे ठेवा.

पत्र लिहिणाऱ्या ताईंनी पाहणी करून काय निघालं ते जरूर कळवावं. आणि तुम्हा कुणाकडे अशी जुनी गाडी दुरुस्त झाली असेल, तर कुठे फसलो आणि कुठे साधलं, हे दोन्ही लिहा. पुढच्या वेळी पुन्हा घरात येऊ या. न्हाणीघरातल्या भिंतींना ओल का धरते, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत.